पाणी कधी येणार, हीसुद्धा बातमी आहे

आपल्या मंडळाच्या अंकाबद्दल माझी एक तक्रार आहे. ती कार्यकारिणीच्या कानावर घालण्यापेक्षा अंकातच मांडलेली बरी, म्हणून हा लेखनप्रपंच. अंक देखणा निघतो, यात वाद नाही. कविता असतात, आल्प्सचं प्रवासवर्णन असतं, गणेशोत्सवाचे फोटो असतात, अनारशांची कृती असते आणि पुण्याच्या पावसाची आठवण तर कधीच चुकत नाही. पण ज्या गावात आपण राहतो, कौन्सिल टॅक्स भरतो, मुलांना शाळेत घालतो, त्या गावाबद्दल अंकात एक ओळ सापडत नाही. हा अंक कोणा परक्या मराठी माणसाच्या हाती दिला, तर ही मंडळी इंग्लंडात राहतात हे त्याला शेवटच्या पानावरच्या पत्त्यावरून आणि जाहिरातींवरूनच कळेल.

माझं म्हणणं सरळ आहे. अंकाची चार पानं स्थानिक बातम्यांना द्या. कचऱ्याचे दिवस, हॉलचं भाडं, बंद होऊ घातलेला बसमार्ग, शाळेच्या प्रवेशाची मुदत, कौन्सिलच्या बैठकीत काय ठरलं, असल्या बातम्यांना. हे म्हणणं मी उणकलची मुलगी म्हणून मांडते आहे. परक्या भाषेच्या गावात मराठी माणूस घर कसं करतो, हे मी लंडनच्या विमानात बसण्याच्या खूप आधी तिथेच पाहिलं होतं.

उणकल म्हणजे हुबळी-धारवाड रस्त्यावरचं, आता हुबळीत पुरतं मिसळून गेलेलं जुनं गाव. मोठा तलाव आहे, तलावात विवेकानंदांचा पुतळा आहे, गावठाणात चंद्रमौळेश्वराचं चालुक्यकाळातलं काळ्या दगडाचं देऊळ आहे, सिद्धप्पज्जांचं स्थान आहे. एका अंगाला विद्यानगरची कॉलेजं, दुसऱ्या अंगाला अमरगोळची बाजार समिती. मंडळात मी धारवाडकडची असं सांगितलं की ठरलेली तीन उत्तरं येतात: पेढे, गंगूबाई, भीमसेन. कौतुक मनापासूनचं असतं आणि मला ते आवडतंही. पण चौथा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. त्या शहराला पाणी कुठून येतं, तिथल्या महापालिकेचं काय चाललंय, तलाव अजून जिवंत आहे का, हे कोणाच्या मनातही येत नाही. गाव पेढ्याच्या खोक्यात बसवून टाकलं की त्याला रस्ते, गटारं आणि निवडणुका उरत नाहीत. आपला अंक मराठी मुलखाचं नेमकं हेच करतो, आणि इंग्लंडचं तर तेवढंही करत नाही.

हुबळी-धारवाडात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. त्यानंतर कचेरीची, पाटीची, बसची, शाळेची भाषा कन्नड झाली आणि मराठी घरापुरती, देवघरापुरती, लग्नपत्रिकेपुरती राहिली. वाचायला बेळगावचा ‘तरुण भारत’ होता. बाबूराव ठाकुरांनी 1919 साली काढलेलं हे पत्र आमच्यासारख्यांना मराठीशी बांधून ठेवत आलं. पण आपल्या गल्लीला पाणी कधी सुटणार, हे बेळगावचं पत्र सांगू शकत नव्हतं. ते शेजारच्या अक्कांना विचारावं लागे, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारावं लागे, आणि कन्नडमध्येच विचारावं लागे. ‘नीर बंदावेन्री?’ (पाणी आलंय का हो?) हे आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी शिकलेलं पहिलं कामाचं कन्नड वाक्य. ज्यांना ते आलं ते त्या गल्लीचे झाले. ज्यांनी घराचं दार लावून फक्त मराठीपण जपलं, ते चाळीस वर्षं राहूनही भाडेकरूच राहिले. धारवाडच्या साधनकेरीत राहणारे द. रा. बेंद्रे मराठी घरातले. कन्नडचे थोर कवी झाले, 1973 साली त्यांना ज्ञानपीठ मिळालं आणि तरीही ते मराठीत लिहीत राहिले. सगळ्यांना बेंद्रे होता येत नाही. गल्लीची खबर मात्र सगळ्यांना ठेवता येते.

पाण्याची ही खबर किती मोलाची असते ते उणकलबाहेरच्यांना पटकन समजत नाही. हुबळी-धारवाडला पाणी सौंदत्तीजवळच्या मलप्रभेच्या धरणातून आणि नीरसागर जलाशयातून येतं. नळाला ते रोज येत नाही. कुठे चार-पाच दिवसांनी, कुठे आठवड्याने, काही तासांपुरतं. वेळ चुकली तर पुढच्या पाळीपर्यंत टँकर नाहीतर शेजारी. त्यामुळे घरातलं एक माणूस, बहुतेकदा बाईच, पाण्याच्या वाटेवर बसून राहतं. रोजंदारी बुडते, शाळा बुडते, लग्नाला जाणं राहतं. जागतिक बँकेच्या मदतीने 2008 पासून शहराच्या काही निवडक भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. मग एकाच शहरात दोन जगं तयार झाली: नळाकडे ढुंकून न पाहणारी आणि नळाकडे डोळे लावून बसणारी.

पाण्याची ही वाट पाहणं थोडं हलकं करायला 2010 च्या सुमारास काही तरुण मंडळी ‘नेक्स्टड्रॉप’ नावाचं काम घेऊन हुबळीत उतरली. कल्पना साधी होती. पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन झडप उघडली की एका नंबरवर फोन करील, आणि त्या भागातल्या घरांना मोबाइलवर संदेश जाईल की पाणी येतंय. 2011 साली या कामाला अमेरिकेतल्या नाइट फाउंडेशनच्या ‘नाइट न्यूज चॅलेंज’मध्ये निधी मिळाला. ही स्पर्धा पाणीपुरवठ्याच्या अभियांत्रिकीसाठी नव्हती, पत्रकारितेतल्या नव्या प्रयोगांसाठी होती. जगभरातून आलेल्या कल्पनांमध्ये परीक्षकांनी हुबळीच्या नळाची वेळ ही बातमी मानली. संपादकमंडळाने हे लक्षात घ्यावं. ज्या मजकुराला आपण क्षुल्लक म्हणून अंकात जागा देत नाही, त्याला वृत्तपत्रविद्येच्या जगाने पैसे मोजले.

या कहाणीला पुढचा भाग आहे आणि तोही आपल्या कामाचा आहे. हेच काम नंतर बंगळुरूत नेलं, तेव्हा संशोधकांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. साखळी तुटत होती ती व्हॉल्व्हमनपाशी. तो दिवसभर झडपा उघडत फिरणार, त्यातून वेळच्या वेळी फोन करणार, आणि त्याबद्दल त्याला वेगळं काही मिळणार नाही. मग कळवणं राहून जाई. यंत्रणा तयार होती, मोबाइल घरोघर होते, पण खबर देणं हे कोणाचंच ठरलेलं काम नव्हतं. स्थानिक बातमी आपोआप वाहत नाही. ती गोळा करणारा, तपासणारा आणि वेळेवर पोचवणारा माणूस नेमावा लागतो. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ‘कोणीतरी टाकेलच’ म्हणून बसणाऱ्यांसाठी हा धडा आहे.

पाण्याखेरीज उणकलच्या बाकीच्या बातम्याही अशाच लहान दिसणाऱ्या. तलावात जलपर्णी माजली, ही पहिल्या दिवशी दोन ओळींची बातमी. तिच्यामागे सांडपाणी असतं, सांडपाण्यामागे मलनिस्सारणाचं राहिलेलं काम असतं, आणि तलावातून निघणारा उणकल नाला पुढे हुबळीच्या वस्त्यांमधून जात असल्याने मोठ्या पावसात त्याचं पाणी सखल घरांत शिरतं. दोन ओळी वेळेत वाचल्या गेल्या तर जलपर्णी काढली जाते. नाही वाचल्या तर पंचनामे होतात.

चंद्रमौळेश्वराच्या देवळाचंही तसंच. सुमारे नऊशे वर्षांचं हे देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे आणि त्याच्या भिंतीला खेटून घरं आहेत. 1958 च्या कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनुसार संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर परवानगीचं बंधन असतं. गावठाणातल्या माणसासाठी या कायद्याचा अर्थ असा, की मुलाच्या लग्नाआधी माडी चढवता येणार नाही. देवळाचं कौतुक करणारे लेख पुष्कळ निघतात. पण त्याच्या सावलीत राहणाऱ्यांना काय करता येतं, काय नाही, मोबदला कसा ठरतो, हे त्यांच्या भाषेत सांगणारी चार ओळींची माहिती त्यांना जास्त हवी असते. देऊळ आणि घरं दोन्ही नीट नांदायची असतील तर तीच जास्त उपयोगी.

आणि बस. रस्त्याच्या मधोमध राखीव मार्गिका आखून हुबळी आणि धारवाड जोडणारी ‘चिगरी’ बस 2018 च्या ऑक्टोबरात धावू लागली. 2020 च्या फेब्रुवारीत तिचं रीतसर उद्घाटन झालं. सुमारे 22 किलोमीटरचा हा मार्ग उणकलच्या दारातून जातो. तळ्याकाठच्या माणसाला धारवाडच्या कचेरीत वेळेवर पोचता येऊ लागलं, हे खरं. उरलेल्या रस्त्यावर बाकीची वाहनं दाटली आणि पावसात धारवाडच्या टोल नाक्याशी पाणी साचू लागलं, हेही खरं. बसथांबा कुठे असावा, रस्ता ओलांडायचा कसा, हे आराखड्याच्या टप्प्यावर विचारणाऱ्यांचं थोडंफार ऐकून घेतलं गेलं. सिमेंट पडल्यावर विचारणाऱ्यांच्या वाट्याला फक्त आंदोलन आलं. हे कोणत्याही शहरात असंच होतं, म्हणून बातमीला वेळेचं एवढं महत्त्व.

आता महापालिका. हुबळी आणि धारवाड मिळून एक महापालिका 1962 साली झाली. तिच्या मागच्या सभागृहाची मुदत 2019 च्या मार्चमध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली 2021 च्या सप्टेंबरात. मधली अडीच वर्षं जवळजवळ दहा लाखांच्या जोडशहराला नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाच्या हाती. दिवा गेला तर सांगायचं कोणाला, हा प्रश्न तेव्हा घरोघर होता. नव्या निवडणुकीत प्रभाग 67 वरून 82 झाले. 2025 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने धारवाडसाठी वेगळी महापालिका करायला मंजुरी दिली. धारवाडकरांची जुनी मागणी होती: कर आमचा, खर्च हुबळीत.

ही बातमी मी इथल्या माझ्या घरात बसून वाचली तेव्हा हसू आलं, कारण त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, 2024 च्या 16 डिसेंबरला, ब्रिटिश सरकारने आपली श्वेतपत्रिका काढून इंग्लंडातल्या दुपदरी (काउंटी आणि जिल्हा) कौन्सिलांचं एकत्रीकरण करायचं जाहीर केलं होतं. मी राहते ते हर्टफर्डशायरमधलं बाजाराचं गाव आहे. आठवड्याचा बाजार भरवायची जुनी सनद, चौकात मांडलेल्या भाजीच्या आणि चीजच्या गाड्या, मागे चर्चचा मनोरा. अशा गावाचा कारभार तीन ठिकाणी वाटलेला असतो. रस्त्यावरचे खड्डे, शाळा आणि वाचनालय काउंटी कौन्सिलकडे. कचरा, घरबांधणीच्या परवानग्या आणि कौन्सिल टॅक्सची वसुली जिल्हा कौन्सिलकडे. बागबगीचे, भाजीचे वाफे, कधी बाजार आणि हॉल टाउन कौन्सिलकडे. हर्टफर्डशायरमध्ये एक काउंटी कौन्सिल आणि दहा जिल्हा कौन्सिलं आहेत. ती जाऊन मोजकी मोठी कौन्सिलं यायची आहेत. तिकडे एकाच्या दोन होताहेत, इकडे अनेकांची मिळून मोजकी होताहेत. धारवाडात या विषयावर मोर्चे निघाले, बैठका झाल्या. आपल्या मंडळाच्या सर्वसाधारण सभेत हा विषय चहापानातही निघाला नाही.

याचा आपल्याशी काय संबंध, असं विचारणाऱ्याला मी गणपतीपासून सांगते. आपला गणपती बसतो तो हॉल कोणाच्या मालकीचा? बहुतेक गावांत तो टाउन कौन्सिलचा, शाळेचा नाहीतर एखाद्या न्यासाचा असतो. त्याचं भाडं, त्याच्या वेळा, त्याचं पार्किंग कोणत्या तरी बैठकीत ठरतं, आणि त्या बैठकीचं विषयपत्रक आधी जाहीर झालेलं असतं. शनिवारच्या मराठी शाळेची खोली, दिवाळीला रात्री साडेदहापर्यंत वाद्य वाजवायची मुभा, ज्येष्ठांना घेऊन येणारी बस, सगळं तिथेच ठरतं. आपण त्या बैठकीला नसतो. भाडं वाढल्यावर मात्र गटात रागाचे चेहरे पाठवतो.

शेजारचं बांधकाम घ्या. कोणी घर वाढवायचं ठरवलं, दुकानाचं मद्यालय करायचं ठरवलं, तर अर्ज कौन्सिलकडे येतो. शेजाऱ्यांना हरकत नोंदवायला साधारण 21 दिवस असतात. सूचना दिव्याच्या खांबाला बांधलेली असते, पावसाने चुरगळलेली. आपल्यातले कितीजण थांबून ती वाचतात?

यात सर्वांत खेदाची गोष्ट अशी, की आपल्याला हक्क आहेत आणि ते आपण वापरत नाही. भारताचं नागरिकत्व न सोडताही, राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून, इथे राहायची रीतसर परवानगी असलेल्या भारतीयाला ब्रिटनच्या स्थानिक आणि संसदेच्याही निवडणुकीत मत देता येतं. अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या आपल्या भाऊबंदांना हे मिळत नाही. कायमच्या वास्तव्याची परवानगी असेल तर कौन्सिलची निवडणूक लढवताही येते. 2023 च्या मे महिन्यातल्या स्थानिक निवडणुकांपासून इंग्लंडात मतदानाला ओळखपत्र लागतं आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. ही माहिती आपल्या अंकात कधी छापून आली? मी जुने अंक चाळले. नाही आली. अनारशाला साजूक तूप की रिफाइंड, यावर मात्र दोन अंकांत वाद रंगला होता.

बैठकीला बसायचा हक्कही काही आभाळातून पडलेला नाही. खासदार म्हणून नव्याच निवडून आलेल्या मार्गारेट थॅचर यांनी 1960 साली पहिलंच भाषण केलं ते एका खासगी विधेयकावर. कौन्सिलांनी आपल्या बैठकांना पत्रकारांना आणि लोकांना बसू द्यावं, असं ते विधेयक. त्याचा कायदा झाला. 2014 च्या नियमांनी बैठकीचं चित्रण करायची मोकळीक दिली. थॅचरबाईंच्या पुढच्या कारभाराबद्दल कोणाचं काहीही मत असो, पण गावच्या बैठकीचं दार उघडं असलं पाहिजे ही गोष्ट त्यांना पहिल्या भाषणाचा विषय करण्याइतकी मोठी वाटली. दार उघडं आहे. आत खुर्च्या रिकाम्या आहेत.

खुर्च्या रिकाम्या राहायचं आणखी एक कारण असं, की तिथे बसून लिहिणारेच कमी झाले. 2019 च्या फेब्रुवारीत डेम फ्रान्सिस केर्नक्रॉस यांचा अहवाल आला. ब्रिटनमधल्या बातमीदारीच्या आघाडीवरच्या पत्रकारांची संख्या 2007 मध्ये सुमारे 23,000 होती, ती 17,000 वर आल्याचं त्यात नोंदवलं आहे. गावोगावची साप्ताहिकं बंद पडली किंवा शंभर मैलांवरच्या कचेरीतून निघू लागली. बीबीसीच्या पैशातून कौन्सिलांच्या बातम्या देणारे दीडशे पत्रकार नेमायची वेळ आली.

हे सगळं तात्त्विक वाटत असेल तर ग्रेनफेल आठवा. लंडनमधल्या 24 मजली ग्रेनफेल टॉवरला 2017 च्या 14 जूनला आग लागली आणि 72 माणसं गेली. तिथल्या रहिवाशांच्या गटाने आगीच्या धोक्याबद्दल वारंवार लिहून ठेवलं होतं. शेवटचा कडक इशारा 2016 च्या नोव्हेंबरचा. तो उचलून कौन्सिलला जाब विचारणारं, तिथे तळ ठोकून बसलेलं वृत्तपत्र तेव्हा उरलं नव्हतं. इमारतीच्या देखभालीची तक्रार ही कोणत्याही संपादकाच्या टेबलावरची सर्वांत कंटाळवाणी बातमी. ती कंटाळवाणी असते तेव्हाच छापावी लागते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की मंडळ सांस्कृतिक आहे, राजकारण नको. मान्य. पण अमुक पक्षाला मत द्या असं मी म्हणतच नाही. मतदारयादीत नाव कसं घालायचं आणि मुदत कधी संपते, हे सांगणं राजकारण होत नाही. 1932 साली लंडनचं महाराष्ट्र मंडळ निघालं तेव्हाही परक्या मुलखात माणसाला आधार मिळावा, हा हेतू संस्कृतीइतकाच पक्का होता. खोली कुठे मिळेल, जेवण कुठे मिळेल, हे एकमेकांना सांगणं हेच त्या काळचं मंडळाचं काम. आज खोली मिळाली, घर झालं, म्हणून खबरीची गरज संपली असं नाही. ती फक्त बदलली.

दुसरा आक्षेप व्हॉट्सअ‍ॅपचा: सगळं तिथे येतंच की. येतं, पण कशात मिसळून येतं ते पाहा. 2018 च्या 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरच्या अफवेने जमाव जमला आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार मारण्यात आलं. इंग्लंडातही 2024 च्या जुलैअखेर साउथपोर्टमधल्या मुलींच्या हत्येनंतर हल्लेखोराबद्दल खोटी माहिती पसरली आणि गावोगाव दंगली झाल्या. आपल्यातल्या कित्येकांनी त्या आठवड्यात मुलांना घरीच ठेवलं, कारण अमक्या गावात मोर्चा येणार अशा याद्या फिरत होत्या आणि खरं-खोटं करणारं कोणी नव्हतं. गटावरचा मजकूर कोणी तपासत नाही, त्याखाली कोणाची जबाबदारीची सही नसते आणि सहा महिन्यांनी तो सापडतही नाही. छापील पानावर चूक झाली तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी लागते. बातमी आणि कुजबुज यांत फरक राहतो तो या दुरुस्तीमुळे.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा: इंग्रजी येतं आम्हाला, कौन्सिलची माहिती इंग्रजीत आहेच. तुम्हाला येतं. मुलांकडे सहा महिने राहायला आलेल्या, नातवाला शाळेत सोडणाऱ्या, उद्यानात एकट्या बसणाऱ्या आई-वडिलांना त्या भाषेत सहजपणे वाचता येतंच असं नाही. नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या, पहिल्या थंडीत घरात कोंडल्या गेलेल्या मुलीला वाचनालयातला फुकट इंग्रजी वर्ग मराठीतून कळला तर ती लवकर जाईल. शिवाय इंग्रजी येणारे तरी कौन्सिलची पानं उघडतात कुठे?

काहीजण म्हणतील, बातम्या मराठीत लिहिल्या की मुलं वाचणार नाहीत. त्यावर आपल्याच परंपरेत उत्तर आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 च्या 6 जानेवारीला ‘दर्पण’ सुरू केलं. मराठीतलं ते पहिलं वृत्तपत्र, आणि ते दोन भाषांत निघायचं, एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. राज्य करणाऱ्यांना आपली माणसं कळावीत आणि आपल्या माणसांना नवं जग कळावं, हा त्यामागचा विचार. आपल्या चार पानांना हीच मांडणी चालेल. डावीकडे आजीने वाचावं, उजवीकडे नातीने आणि शेजारच्या इंग्रज कुटुंबानेही.

‘लिहिणार कोण’ हा शेवटचा आणि खरा आक्षेप. त्याला उत्तर नगर जिल्ह्यातल्या तरवडीचं. 1910 साली मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ हे सत्यशोधकी साप्ताहिक खेड्यातून चालवायला घेतलं. छापखाना खेड्यात, संपादक खेड्यात, वाचक खेड्यात. पुण्या-मुंबईच्या पत्रांना शेतकऱ्याची बातमी किरकोळ वाटत होती, म्हणून खेड्याने स्वतःचं पत्र काढलं आणि ते कित्येक दशकं चालवलं. त्या मानाने आपल्याकडे काय नाही? संगणक घरोघर, इंग्रजी येणारी माणसं भरपूर, निवृत्त झालेले हिशेबनीस आणि शिक्षक आहेत, सोळा-सतरा वर्षांची मुलं आहेत ज्यांना विद्यापीठाच्या अर्जात लिहायला काही काम हवंच असतं.

संपादकमंडळाने पुढच्या अंकापासून करण्यासारख्या गोष्टी अशा. प्रत्येक गावासाठी एक वार्ताहर नेमावा आणि त्याचं नाव पानावर छापावं. पहिल्या पानासाठी त्याने दर तिमाहीला कौन्सिलच्या निदान एका बैठकीला जाऊन दीडशे शब्द लिहावेत: काय ठरलं, कधीपासून, कोणाला विचारायचं. दुसरं पान मुदतींचं असावं. शाळाप्रवेश, मतदारनोंदणी, बांधकामाच्या हरकती, लसीकरण. तिसरं पान माणसांचं. बाजारात कोणी नवा गाडा लावला, क्रिकेट क्लबच्या बारा वर्षांखालच्या संघात कोण आलं, कोणाच्या शेजारीणबाई नव्वदीच्या झाल्या. ही माणसं मराठी असलीच पाहिजेत असं काही नाही. चौथं पान जिथून आलो त्या गावांचं: उणकलच्या तळ्यातली जलपर्णी, कराडचा पूल, सावंतवाडीची एस.टी. तिकडचीही खबर आठवणीतून न लिहिता विचारून लिहावी. फोन सगळ्यांकडे आहे.

एक भीती मला ठाऊक आहे. कौन्सिलचं कामकाज छापलं तर अंक नीरस होईल, कविता मागे पडतील. कविता मागे पडू नयेत, त्यांच्या पानांवर त्या राहाव्यात. पण ज्या समाजाच्या अंकात नुसत्या आठवणी असतात तो समाज आपल्या गावात पाहुणा असल्यासारखा वागतो, आणि पाहुण्याला कोणी घरच्या गोष्टी विचारत नाही. हुबळीतल्या मराठी माणसांनी ही पाहुणेगिरी केव्हाच सोडली, आणि सोडताना मराठी टाकली नाही. गल्लीत काय चाललंय ते कन्नडमधून विचारत राहिली, घरी येऊन मराठीत सांगत राहिली. इथे भाषा इंग्रजी आहे, एवढाच काय तो बदल.

माझ्या गावच्या टाउन कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत हॉलच्या नव्या दरांचा विषय आहे. मी जाणार आहे आणि दीडशे शब्द लिहून संपादकांकडे देणार आहे. बाकीच्या गावांतून कोण कोण लिहील, त्यांनी हा अंक हाती पडल्यापासून महिन्याभरात कार्यकारिणीला कळवावं. चार पानं भरली नाहीत तर दोन छापा, पण पुढचा अंक त्यांच्याशिवाय काढू नका.